डोहातला शॉट

"तुम्ही नव्हे हो. तुमच्या मागं उभे आहेत ते."

निगडेसाहेबांचं बोट माझ्या खांद्यावरून पलीकडं गेलं होतं. मी दोन पावलं पुढं आलेलो, चेहऱ्यावर नम्र हसू आणलेलं. तसाच बाजूला सरकलो. मागं अंबादास गड्डम उभा होता, पोस्टमनची खाकी टोपी हातात धरून.

सोलापुरातल्या एका शाळेचा हॉल, रविवारची सकाळ, साल सत्त्याऐंशी. आमच्या हौशी नाट्यमंडळाची तालीम बघायला पुण्याहून सिनेमाचे दिग्दर्शक बापूसाहेब निगडे आले होते. नव्या चित्रपटाच्या नायकासाठी त्यांना कुणी न पाहिलेला चेहरा हवा होता. आमच्या नाटकात नायक मी होतो. तीन अंकभर मी बोलत होतो, रडत होतो, शेवटी मरतही होतो. अंबादासला दोनच प्रवेश होते. तार घेऊन यायचं, घरच्यांना वाचता येत नाही म्हणून ती वाचून दाखवायची आणि निघून जायचं. पण वाचून झाल्यावर तो त्या कागदाची घडी घालायचा तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकतही नसे. हे मला ठाऊक होतं. साहेबांना ते एका तालमीत कळलं.

"काय करता?" साहेबांनी त्याला विचारलं.

"लूमवर आहे. टॉवेल काढतो."

"पोहता येतं?"

"येतंय की. विहिरीत शिकलो."

"झालं तर. नावाडी मिळाला आपल्याला." मग माझ्याकडं वळून, काहीतरी राहून गेल्यासारखं, ते म्हणाले, "तुम्हीपण या. नायकाचा भाऊ आहे. चार प्रसंग आहेत, बरे आहेत."

घरी जाताना अंबादास सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालत होता. मग म्हणाला, "रागावलास का बे, शिवा?"

"कशाला रागावू?"

"तुझं काम माझ्यापेक्षा मोठं होतं. त्यांना काय दिसलं काय की."

मी म्हटलं, नशीब असतं एकेकाचं. आवाज चांगला ठेवून म्हटलं. नटच होतो मी.

चौकात आल्यावर त्यानं सायकल थांबवली. "एक सांगू? फिटचं कुणाला कळू द्यायचं नाही. तुला आणि राजमणीला, दोघांनाच माहीत आहे. तिकडं कळलं की लगेच काढून टाकतील."

त्याला पंधराव्या वर्षापासून आकडी यायची. रोजच्या गोळ्या चालू असल्या आणि झोप नीट झाली की वर्षवर्ष काही होत नसे. एकदा तालमीच्या आधी आली होती. तेव्हा मीच त्याला कुशीवर वळवून, डोक्याखाली हात देऊन बसलो होतो. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा दार बंद आहे का ते बघितलं होतं.

"नाही सांगणार," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी त्याची बायको राजमणी एसटी स्टँडवर आली. कडेवर मुलगी, पदराला धरून उभा मुलगा. दिवसभर विड्या वळून तिच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा आणि त्या बोटांनी तिनं गोळ्यांची पुडी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात नीट बसवली. मग मला म्हणाली, "शिवराजभाऊ, यांच्याकडं लक्ष ठेवा. तुम्ही बरोबर आहात म्हणून पाठवते. नाहीतर पाठवलं नसतं."

शूटिंग वाईपासून नऊ-दहा किलोमीटरवर, कृष्णेकाठच्या एका गावात होतं. आठ दिवसांचं म्हणून गेलो, बारा दिवस झाले तरी संपेना. पहिल्या दोन दिवसांतच सगळं युनिट अंबादासच्या मागं गेलं. मेकअपवाला त्याला भाकरी आणून देई, गावातल्या बायका त्याचा शॉट बघायला धुणं तसंच टाकून येत. तो कॅमेऱ्यासमोर काही करायचाच नाही. नुसता वल्हं बाजूला ठेवायचा, आणि त्यातून त्याच्या घरात काय झालंय ते समजायचं. माझ्या एका प्रसंगात साहेबांनी मला नऊ वेळा थांबवलं. नवव्या वेळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "शिवराज, तुमच्या मित्राकडं बघा जरा. तो नाटक करत नाही."

लोक हसले. अंबादास हसला नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तुझी वाक्यं अवघड आहेत. माझ्याकडं वाक्यंच नाहीत." त्याच्या त्या समजूत घालण्यानं मला हसणाऱ्या लोकांपेक्षा जास्त लागलं.

तेराव्या दिवशी डोहातला शॉट होता. गाव सोडून चाललेला नावाडी दावं तुटून वाहत निघालेली आपली होडी बघतो आणि काठावरून पाण्यात उडी टाकतो, एवढंच. डोह खोल होता. पोहणारी दोन माणसं झाडाआड बसवली होती.

सकाळी मी खोलीत गेलो तर अंबादास भिंतीला टेकून बसलेला. डोळे लाल, ओठ कोरडे.

"शिवा, आज पाण्यातलं नको."

"काय झालं?"

"गोळ्या परवाच संपल्या. दहा-अकरा दिवसांच्याच आणल्या होत्या. दोन रात्री कंदिलाचे शॉट चालले, झोप नाही. डोकं कसंतरी होतंय. मला कळतंय ते आधी." त्यानं माझं मनगट धरलं. "साहेबांना जाऊन सांग, अंबादासला ताप आहे, पाण्यातलं उद्या घ्या. एवढंच सांग. मी गेलो तर माझं तोंड बघून त्यांना शंका येईल. आज वाईला गाडी गेली की गोळ्या आणतो. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की सांग."

"सांगतो म्हटलं ना."

मी घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेलो. साहेब छत्रीखाली बसून पाण्याकडं बघत होते. ऊन कोवळं होतं, डोहावर वाऱ्याची सुरकुतीसुद्धा नव्हती. थोड्या वेळानं मी परत वर आलो. अंबादास आरशासमोर बसला होता, मेकअपवाला त्याच्या मानेला रंग लावत होता. आरशातूनच त्यानं भुवया उचलून मला विचारलं.

"नाही म्हणाले," मी म्हणालो. "असं ऊन परत मिळणार नाही म्हणतात. दोन मिनिटांचं काम आहे, अंबादास. उरकून टाक."

तो आरशात स्वतःकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

तो काठावर उभा राहिला. साहेबांनी हाक दिली, तो धावला आणि त्यानं उडी घेतली. वर आला, चार-पाच हात मारले. मग त्याचे हात वेगळेच हलू लागले. मान मागं गेली. पाणी उसळायला लागलं.

"वा!" साहेब म्हणाले. "चालू ठेवा. कुणी मध्ये जाऊ नका."

काठावरच्या सगळ्यांना तो अभिनय वाटला. तिथं एकच माणूस होता, ज्यानं ते आधी पाहिलं होतं. मी ओरडलो. "काढा त्याला! फिट आहे ती! काढा!" पण किती वेळानं ओरडलो, हे मला आजही सांगता येत नाही. मी ओरडेपर्यंत पाणी शांत झालं होतं.

झाडाआडच्या माणसांनी बुड्या मारल्या. दुसऱ्या बुडीला तो सापडला.

तो मेला नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात नऊ दिवस बेशुद्ध होता. दहाव्या दिवशी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नाही, जे गेलं ते गेलं. त्याला माणसं ओळखू यायची. जेवता यायचं, काही महिन्यांनी चालताही आलं. पण एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना तो अडायचा. शब्द त्याच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे. उजवा हात सतत थरथरायचा. लूमवर तो परत गेला नाही, रंगमंचाचं तर नावच सोडा.

राजमणी दवाखान्यात आली त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. ती माझ्याशी भांडेल असं मला वाटलं होतं. तिनं माझे हात धरले आणि रडली. "तुम्ही ओरडलात म्हणून निदान हाती तरी लागले," ती म्हणाली.

महिन्यानं साहेबांनी मला पुण्याला बोलावून घेतलं. चित्रपट बंद ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. लांबचे शॉट तसेच वापरता येणार होते, अंगानं आम्ही सारखे होतो. नायकाची भूमिका मला मिळाली, भावाची दुसऱ्या कुणाला तरी. मी अंबादास जसा करायचा तसाच करत गेलो. वल्हं बाजूला ठेवणं, थांबणं, न बोलणं, सगळं त्याचं. लोकांना आवडलं. बक्षीस मिळालं. त्या चित्रपटाचं नाव मी इथं घेत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना डोहातला शॉट आठवत असेल, कारण साहेबांनी तो काढला नाही. पाठमोरा नावाडी पाण्यात उडी घेतो आणि धडपडतो. तेवढे अकरा सेकंद अंबादासचे आहेत. तिथं थिएटरात टाळ्या पडायच्या.

त्यानंतर मला मागं बघावं लागलं नाही. मुंबईची व्यावसायिक नाटकं, चित्रपट, पुढं मालिका. सोलापूरचं घर आम्ही विकलं. अंबादासकडं सुरुवातीला दोनदा गेलो, नंतर दिवाळीला पत्र टाकू लागलो, नंतर तेही राहिलं.

अकरा वर्षांनी माझ्या नाटकाचा दुपारचा प्रयोग सोलापूरला लागला. मी रंगपटात तोंडाला रंग लावत होतो. दारात चाहूल लागली. आरशात राजमणी दिसली आणि तिच्या मागं, तिचा पदर दोन बोटांत धरून, अंबादास. केस पांढरे झालेले, शर्टाची वरची बटणं चुकीच्या काजात.

"शि... वा," तो म्हणाला आणि हसला.

मी उठून त्याला मिठी मारली. खुर्ची दिली. काही वेळ इकडचं तिकडचं झालं. मुलगा आता लूमवर जातो, मुलगी शाळेत हुशार आहे. राजमणीचं मात्र बोलण्यात लक्ष नव्हतं. शेवटी तिनं पदर सावरला.

"भाऊ, एक विचारायला आलो आहोत. घरात अकरा वर्षं तेवढ्यावरूनच भांडण आहे. यांना त्या सकाळचं धड आठवत नाही. पण एकच धरून बसलेत, मी शिवाला सांगितलं होतं म्हणून. मी म्हणते, खोटं आहे. नाव कमवायच्या नादात गोळ्या संपल्याचं लपवलं आणि गेलात पाण्यात. पोरांचा विचार केला नाही, माझा केला नाही. शिवराजभाऊंना सांगितलं असतं तर ते गप्प बसले असते काय?"

अंबादास माझ्याकडं बघत होता. त्याच्या तोंडात शब्द गोळा होत होते. आम्ही दोघं थांबलो.

"सांगितलं... होतं... ना? मी... तुला?"

खरं काय ते इथंच सांगतो. त्या सकाळी मी साहेबांशी बोललोच नव्हतो. खाली गेलो, त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा राहिलो. त्यांनी मान वळवून विचारलं, "काय हो, आपला हिरो तयार आहे ना?" मी म्हणालो, "हो साहेब, तयार आहे." त्याला मारावं असं माझ्या मनात नव्हतं. आकडी येईल असंही मला खरं वाटलं नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की आज अंबादासचा शॉट बिघडावा. पाण्यात तो घाबरावा, साहेबांनी त्याला नऊ वेळा थांबवावं आणि माणसांनी एकदा त्याला हसावं. बस, एवढंच मला हवं होतं.

रंगपटात मी विचार करत होतो तो वेगळाच. सांगितलं होतं पण साहेबांनी ऐकलं नाही, असं म्हणावं का? पण निगडेसाहेब हयात होते, आणि राजमणी त्यांना जाऊन विचारायला कमी करणारी नव्हती.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "मला काही बोलला नव्हता तो."

राजमणीनं नवऱ्याकडं बघितलं. "ऐकलंत?"

अंबादासनं नजर माझ्यावरून काढली नाही. नजरेत राग नव्हता. एखादी वस्तू इथंच ठेवली होती आणि आता सापडत नाही, तशा चेहऱ्यानं तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा.

"मग... स्वप्नात बोललो... असेन," तो म्हणाला.

पहिली घंटा झाली. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवायला सांगितलं. प्रयोग चांगला झाला. शेवटी नमस्काराला पुढं आल्यावर मी पुढच्या रांगेकडं पाहिलं, तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. व्यवस्थापक म्हणाला, पहिल्याच अंकात त्या बाई त्यांना घेऊन गेल्या. त्या गृहस्थांना रडू आवरत नव्हतं.

आणखी चार वर्षांनी अंबादास गेल्याचं मला एका जुन्या मंडळवाल्याच्या फोनवरून कळलं. निगडेसाहेब त्याच्या आधीच गेले होते. आता मला धक्का लावू शकेल असं कुणी राहिलं नव्हतं, आणि तेव्हा मला खरं बोलायची हिंमत झाली. तिला हिंमत म्हणावं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

राजमणी पूर्वीच्याच दोन खोल्यांत राहत होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. घाट, आरसा, साहेबांना काय म्हणालो, अंबादासला काय म्हणालो, रंगपटात का खोटं बोललो. ती विड्या वळत होती. मध्येच कधीतरी तिचे हात थांबले.

तिनं हातातली अर्धवट विडी सुपात ठेवली.

"शेवटच्या महिन्यात एकदा म्हणाले," ती सुपाकडं बघतच म्हणाली. "राजमणी, तू म्हणतेस तेच खरं. माझीच चूक. मी म्हणाले, आता कळलं का."

मी मान खाली घातली.

"पंधरा वर्षं मी त्या माणसाला जेवायला वाढताना बोलले. आंघोळ घालताना बोलले. हात थरथरून पाणी सांडलं की बोलले." तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "त्यांना तुम्ही कधी सांगितलंत हे?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगता?"

तेवढ्यात दार ढकलून तिची मुलगी आत आली. एसटी स्टँडवर कडेवर होती तीच. कॉलेजची पिशवी खांद्याला. मला बघून जागीच थबकली. "अय्या! तुम्ही ते मालिकेतले... आई, हे आपल्याकडं कसे?"

राजमणीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग मुलीकडं.

"बाबांचे दोस्त आहेत," शेवटी ती म्हणाली.

"चहा टाकते ना, थांबा."

"नको. ते निघालेत." आणि तिनं सुपातलं पान उचललं.

मी चपला घातल्या. मुलगी कौतुकानं कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. गल्लीत दोन्ही बाजूंना लूम खडखडत होते, त्यामुळं तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"काका, बाबा खरंच नाटकात काम करायचे का हो? आई कधी सांगत नाही. चांगलं करायचे?"

"माझ्यापेक्षा चांगलं," मी म्हणालो. "खूपच चांगलं."

मी तिचं मन राखायला बोलतोय असं तिला वाटलं. ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही किती मोठ्या मनाचे आहात, काका."